लाल तार

कडेवरच्या अदितीला सावरत भूमिकानं जुन्या पद्मिनी गाडीचं बॉनेट उचललं, दांडी टेकवली आणि दहाचा पाना बॅटरीच्या लाल तारेला लावला. न्हाणीत तांब्याचा आवाज चालू होता, म्हणजे बापूजींची आंघोळ आटपायला वेळ होता. नट सैल झाला. तार उपसताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला आणि चर्रकन ठिणगी उडाली. अदिती दचकून रडायला लागली. भूमिकानं कसंबसं बॉनेट लावलं, पाना ओढणीत गुंडाळला आणि घरात पळाली.

हे दिवाळीनंतर सुरू झालं होतं. बापूजी, तिचे सासरे, दर रविवारसारखे बहिणीला भेटायला म्हणून कळमेश्वरला निघाले आणि सापडले खापरखेड्याला, वीज केंद्राच्या फाटकाशी. गाडी रांगेत लावून ड्युटीची वाट पाहत बसले होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, ते फाटकावरच्या माणसानं सांगितलं तेव्हा म्हणे नुसते हसले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. पण सांगायचं कोणी? तिच्या नवऱ्याची, विक्कीची, काही छाती झाली नाही.

"गाडी नेली तर माणूसच जाईल वं हातचा," तो आईला म्हणाला होता. मग भूमिकाकडे वळला. "तू रविवारी तार काढून ठेवत जाय. थंडीनं बॅटरी बसली म्हणू."

बापूजी आंघोळ करून आले. मफलर गुंडाळून गाडीत बसले, किल्ली फिरवली. हूं की चूं नाही. उतरून त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि पुन्हा लावलं.

"थंडीनं बसली वाटते!" त्यांनी घराकडे तोंड करून सांगितलं.

"मग टाका तिच्यावर दुलई!" सासूबाई, रुख्मिणीबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या.

भूमिका खिडकीतून पाहत होती. ज्या माणसानं जन्मभर वीज केंद्रात केबली जोडल्या, त्याला डोळ्यांसमोरची सुटी तार दिसू नये? इतकं विसरले?

कोड्यात पाडणारं पुढंच होतं. पुढच्या रविवारी तिनं बॉनेट उघडलं, तर तार जागच्या जागी, नट घट्ट आवळलेला, आणि दोन्ही टोकांना मलम फासल्यासारखं काहीतरी. तिनं बोट लावून वास घेतला. अदितीचं व्हॅसलीन! म्हणूनच डबी लवकर संपत होती तर.

"तुम्ही तार लावली का?" तिनं विक्कीला विचारलं.

"मी काहून लावू?"

म्हणजे बापूजींनीच. पण मग तार जोडता येते, तर आठवडाभरात गाडी काढत का नाहीत? आणि जोडलेली आठवत नसेल, तर टोकांना गंज चढू नये म्हणून व्हॅसलीन लावायचं कसं आठवतं? एकदा दुपारी ते बॅटरीला चार्जर लावून शेजारी खुर्ची टाकून बसलेले तिनं पाहिले. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. ती विचारायला गेली आणि अर्ध्या वाटेतूनच परत फिरली. तार काढण्याचं काम मात्र सुटलं नाही. दर रविवारी ती काढायची, आणि पुढच्या रविवारी ती लागलेली असायची.

मग एका रविवारी अदितीला ताप आला. रात्रभर जागून पहाटे भूमिकाचा डोळा लागला. जाग आली ती गाडीच्या दाराच्या आवाजानं. ती लेकीला उचलून तशीच अनवाणी धावली.

बापूजी स्टिअरिंगवर बसले होते. किल्ली लावलेली. फाटक सताड उघडं. तार तर जोडलेलीच होती.

"बापूजी," ती म्हणाली.

त्यांचा हात किल्लीवर होता, पण ते किल्ली फिरवत नव्हते. काचेतून तिच्याकडे पाहत होते.

"झालं नाही का वं आज तुहं?"



ते सावकाश उतरले. आधी फाटक ओढून घेतलं. मग बॉनेट उघडलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण इकडे पोरगी. ताप उतरला का?" अदितीला त्यांनी मफलरमध्ये घेतलं. "पाना कुठं आहे?"

तिनं खिडकीतला पाना आणला. त्याच्या टोकावर ठिणगीचा काळा डाग होता. बापूजींनी त्यावर अंगठा फिरवला.

"काळी आधी काढत जाय. लाल काढताना पाना पत्र्याले टेकला का उडते ठिणगी. कडेवर पोरगी राहते तुह्या." मग म्हणाले, "अन् लावताना काळी शेवटी. पण लावाचं मी पाहतो."

तिनं काळ्या तारेचा नट सैल केला. तार निघाली. बापूजींनी मान हलवली, अदितीला परत दिलं, गाडीत बसून दार लावलं आणि किल्ली फिरवली.

हूं की चूं नाही.

"थंडीनं बसली वाटते!" ते घराकडे तोंड करून ओरडले.

आतून रुख्मिणीबाईंचा आवाज आला, "टाका दुलई, अन् या च्या प्याले!"