बर्फातली ताई

कानाजवळ पांढरे केस दिसू लागले तरी घरी तिला बारकीच म्हणत. एका प्रयोगशाळेत ती माणसाच्या शरीरातली प्रोटीनं बनवायची. हव्या त्या प्रोटीनचा जीन पेशींत घालायचा, त्या पेशी फ्लास्कमध्ये हलत्या ठेवायच्या आणि त्यांनी द्रवात सोडलेलं प्रोटीन शुद्ध करून संशोधकांना पाठवायचं. “माणूस सोडून माणसाचं सगळं मिळेल,” असं ती गमतीत म्हणायची.

मग एके दिवशी ताईचा जीन आला.

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. साध्या तापाचं निमित्त झालं, रक्ताची गाठ फुप्फुसात अडकली आणि ताई गेली. डॉक्टरांनी संशोधनासाठी तिचं रक्त मागितलं तेव्हा बारकीनेच होकार दिला होता. रक्ताला नको तिथे गोठू न देणारं एक प्रोटीन असतं. ताईचं ते जरासं वेगळं निघालं. आता अभ्यासाला तेच हवं होतं.

“दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम?” प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

“नको. तिला परक्या हाती कशाला?” बारकी बोलून गेली. ‘ते’ म्हणायच्या जागी ‘तिला’ म्हटलेलं दोघींच्याही लक्षात आलं. मॅडमनी काम तिच्याकडेच ठेवलं.

काम पहिल्यापासून नडलं. पेशी जोमाने वाढल्या, प्रोटीन उतरलंही. पण नळी जरा बर्फाबाहेर राहिली की आत धुरकट धागे धरायचे आणि सगळं वाया. फ्लास्क हलवणारं यंत्र एका लयीत घरघरायचं. बारकीला वाटायचं, मागे कुणीतरी धापा टाकतंय. ताईने शेवटी टाकल्या होत्या तशा. वळून पाहावं तर फ्लास्क आपले गोल फिरताहेत. एकदा तर “आले गं, आले” असं तिच्या तोंडून निघून गेलं. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत राहिली.

शेवटी तिने सगळं काम थंड खोलीत हलवलं. स्वेटर घालून, बोटं बधिर होईतो उभी राहिली. तेव्हा कुठे प्रोटीन टिकलं.

घरी न राहवून तिने आईला सांगितलं. आईने हातातलं काम खाली ठेवलं.

“मला बघायचीय.”

“आई, बघण्यासारखं काही नसतं. पाण्यासारखं दिसतं.”

“असू दे.”

मॅडमनी परवानगी दिली. दुपारी आई आली, कुणाच्या घरी भेटायला जावं तशी नीट साडी नेसून. बारकीने बर्फाच्या डब्यातून बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी काढून तिच्या तळहातावर ठेवली.

“किती गारठलीय गं!” आई म्हणाली आणि तिने मूठ मिटली.

‘आई, सोड ती,’ असं म्हणायला हवं होतं. बारकीची जीभ उचलेना. आई डोळे मिटून उभी होती. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हते. बऱ्याच वेळाने तिने मूठ उघडली आणि नळी उजेडात धरली. आत धुकं दाटलं होतं.

“हे काय झालं?”

“काही नाही. होतं असं.”

“बारके, खरं सांग. माझ्या हाताच्या उबेने झालं?”

बारकीने होकाराची मान हलवली. आईने नळी परत बर्फात खोचली. मग ती अगदी हळू म्हणाली, “ताप घामावाटे निघेल म्हणून मी तिला दोन-दोन रजया घातल्या होत्या. ती काढून टाकायची, मी परत घालायची.”

“रजईने नाही झालं आई. ताप आधीच होता. तिच्या रक्तात हा दोष होता हे कुणालाच माहीत नव्हतं.”

बारकी बोलली ते खोटं नव्हतं. पण पुरं खरं होतं का, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

उरलेल्या नळ्या कोरड्या बर्फात बंद होऊन गेल्या. संशोधकांचं काम झालं: उबेत ताईचं प्रोटीन निकामी होत होतं, म्हणूनच तापात रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी दोघींनाही तपासणीला बोलावलं, कारण असला दोष घराण्यातून उतरतो. ‘त्यांच्याकडचा असणार,’ असं आई वाटेत दिवंगत नवऱ्याच्या घराण्याबद्दल पुटपुटत होती.

बारकीत तो दोष नव्हता. आईत होता, जन्मापासून.

डॉक्टर गोळ्या, काळजी, ताप आला तर काय करायचं ते समजावत राहिले. आई मान डोलावत होती. बाहेर आल्यावर पायरीवर बसली. बारकी शेजारी टेकली.

“आयुष्यात मी किती तापांतून उठले,” आई म्हणाली. “टायफॉइडमधून उठले. तुम्हा दोघींच्या वेळच्या बाळंतपणांतून उठले. मला कसं काही झालं नाही गं?”

समोरून माणसं येत-जात होती. आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला, पण या वेळी बारकीकडे न बघता. आपल्या दुसऱ्या बाजूला, रिकाम्या पायरीकडे वळून.