खर्जातले दहा

मुराती गावाच्या पथकाला सरकारी अनुदान मंजूर झालं, हे न्येलिसानीला फोनवर कळलं तेव्हा ती शेळीच्या खुरातला काटा काढत होती.

"अभिनंदन, ताई," संस्कृती खात्याचे मलात्जी साहेब म्हणाले. "तुमचं पथक मंजूर. ढोल सोडून दहा माणसांपुरतं."

"साहेब, आमच्यात चोवीस पावे आहेत."

"मग दहा वाजवा."

"एका पाव्यातून एकच सूर निघतो, साहेब. एक माणूस, एक पावा, एक सूर. सगळे आपापल्या वेळी फुंकतात तेव्हा कुठे त्शिकोना होते."

"मग एकेकाला दोन-दोन पावे द्या की."

"तोंड एकच असतं, साहेब."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. ही अडचण योजनेच्या नियमांत कुठे धरलेली नसावी.

न्येलिसानी पथकातला मोठा ढोल वाजवायची. ढोल बायकांचे आणि पावे पुरुषांचे, ही वाटणी कुणी केली ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. पथकाची चिटणीस ती झाली, कारण तिच्या फोनमध्ये कायम बॅलन्स असायचा. अनुदानासाठी अर्ज तिनेच केला होता. पावे तडकले होते. त्यांचा बांबू डोंगरापलीकडच्या एकाच बनात मिळतो, तिथून तो आणायचा तर ट्रक हवा. ढोलाचं कातडंही फाटायला आलं होतं. आणि हिवाळ्यात गावच्या नव्या खोसीला, म्हणजे राजाला, गादीवर बसवायचं होतं. त्या दिवशी त्शिकोना, ही पावे-ढोलांवरची मानाची नाचधून, वाजली नाही, तर राजवाड्याच्या अंगणात शेजारच्या न्दोवा गावाचं पथक बोलवावं लागणार होतं. न्दोवावाल्यांनी मग तीन पिढ्या हसायचं सोडलं नसतं.

पण खात्याच्या हिशेबात बांबू म्हणजे शेती, कातडं म्हणजे पशुसंवर्धन आणि ट्रक म्हणजे वाहतूक. ती सगळी वेगळी खाती. संस्कृतीत उरलं काय, तर प्रशिक्षण, टी-शर्ट, फलक आणि दुपारचं जेवण.

"आधी पाहणी होईल," साहेब म्हणाले. "ती चांगली झाली की मोठी रक्कम. तिच्यात बांबू कुठेतरी बसवू."

त्या 'कुठेतरी'वर न्येलिसानीने विश्वास ठेवला.

मारुलाच्या झाडाखाली बैठक बसली. मधल्या खुर्चीवर पथकाचे प्रमुख, न्येलिसानीचे मामा व्हो-मुद्झुंगा. दहा जण निवडायचे होते, आणि मुरातीत निवडायची रीत एकच होती: वयाने.

"मलुमे," न्येलिसानी मामांना म्हणाली, "वयाने नको. सुराने निवडू या."

"म्हणजे पोरांनी जेवायचं आणि आम्ही बघायचं?"

"जेवणाचं नाही म्हणत मी."

"मग कशाचं म्हणतेस?" व्हो-रालिफो नावाचे म्हातारे बोळक्या तोंडाने म्हणाले. "सरकारी कोंबडी आहे. मान आहे तो!"

आता मुरातीत पावेही वयानेच मिळायचे. पोरगा बारक्या पाव्याने सुरुवात करायचा आणि केस पिकतील तसा मोठ्या, जाड पाव्याकडे सरकायचा. त्यामुळे गावातले सर्वांत वयस्कर दहा जण म्हणजे सर्वांत खालचे दहा सूर. सगळा खर्ज. चाल जिच्यावर उभी राहते ती वरची फळी, आणि ताखुला म्हणजे साऱ्या मेळाला उचलून धरणारा सूर, हे सगळं तरुणांकडे. ताखुला फुंकायचा पेट्रोल पंपावर काम करणारा थिलिव्हाली.

"मलुमे, हे सगळे खालचेच सूर झाले," न्येलिसानी म्हणाली.

मामांनी दहा तोंडांकडे एकदा बघून घेतलं. "खालचे कसले? भारदस्त आहेत."

"आम्ही काय करू?" थिलिव्हालीने विचारलं.

"टाळ्या वाजवा," व्हो-रालिफो म्हणाले.

पाहणीच्या दिवशी मलात्जी साहेब पांढऱ्या गाडीतून आले. आधी जेवले. मक्याची घट्ट वुस्वा, कोंबडी आणि वर वाडगाभर तळलेल्या मोपानी अळ्या. खाता खाता त्यांनी न्येलिसानीला 'कौशल्यवृद्धी' या शब्दाचा अर्थ सांगितला. तो तिला कळला नाही. त्यांच्या हनुवटीवरून ओघळणारं तेल तेवढं नीट दिसलं.

मग दहा म्हातारे ओळीत उभे राहिले. पिवळे टी-शर्ट पोटावर ताणलेले, पाठीवर खात्याचं बोधचिन्ह. तसाच टी-शर्ट घातलेल्या न्येलिसानीने ढोलावर काठी टाकली आणि ते सुरू झालं.

त्या आवाजाला नाव नव्हतं. दहा म्हशींना एकाच वेळी अपचन झालं आणि त्यांनी ते सुरात सांगायचं ठरवलं, तर असं काहीसं निघालं असतं. एक 'भों', मग मोठी पोकळी, मग दुसरा 'भों'. पोकळीत वरचे सूर यायला हवे होते, पण ते कुंपणाशी हाताची घडी घालून उभे होते. बायकांनी पदरात तोंडं खुपसली. झाडाखालचं गाढव उठून गेलं. न्येलिसानीला काठी फेकून द्यावीशी वाटली. थांबता मात्र येत नव्हतं, कारण ढोल थांबला की नाच थांबतो आणि बांबू जातो.

साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"किती खोल!" ते म्हणाले. "त्या मधल्या शांतता... अहाहा!"

"साहेब, त्या शांतता नाहीत," न्येलिसानी म्हणाली. "ती माणसं आहेत. ती बघा, तिकडे उभी आहेत."

साहेबांनी कुंपणाकडे बघून प्रेमाने हात हलवला. "प्रेक्षकही छान जमवलेत."

मोठी रक्कम मंजूर झाली, 'दहा ज्येष्ठांचा मेळा' या नावाने. म्हाताऱ्यांना प्रांताच्या राजधानीत नेलं गेलं. त्यांना हॉटेलात ठेवलं, मंत्र्यांसमोर वाजवायला लावलं. व्हो-रालिफोंनी सकाळच्या नाश्त्याला सहा उकडलेली अंडी खाल्ली आणि चार खिशात घालून गावी आणली. मामांनी रेडिओवर मुलाखत दिली. त्यात त्यांनी सांगितलं की हा प्रकार फार प्राचीन आहे, फक्त दहा ज्येष्ठच तो वाजवू शकतात आणि त्यातल्या शांततांना पूर्वजांचा श्वास म्हणतात.

न्येलिसानीने ती मुलाखत भांडी घासताना ऐकली. तिने परातीत थुंकून ती परात पुन्हा घासली.

संध्याकाळी ती मामांकडे गेली. "मलुमे, पूर्वजांचा श्वास? पूर्वजांना दमा होता का?"

"तू तर मागेच लागतेस बाई."

"बांबू कधी येणार?"

"कशाला?" मामांच्या अंगावर खात्याने दिलेली शाल होती. "आमचे दहा पावे चांगले आहेत. साहेब म्हणाले, करारात दहाच आहेत. अकरावा पावेवाला उभा राहिला तर पैसे परत."

"आणि खोसीच्या दिवशी?"

"दहाच वाजवतील. लोकांना आवडतं."

"कोणत्या लोकांना? ज्यांना कान नाहीत त्यांना?"

मामा शालीची दशी चाळवत राहिले. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने पावे कापून, वारंवार फुंकून त्यांचे सूर जुळवले, न्येलिसानीला लहानपणी मांडीवर बसवून ढोलाचा पहिला ठोका शिकवला, तोच हा माणूस होता. आता त्याच्या अंगाला हॉटेलच्या साबणाचा वास येत होता. तिला शिसारी आली. ती तिथून उठली.

हिवाळा आला. राजवाड्याच्या अंगणात आजूबाजूची सगळी गावं जमली, न्दोवावालेही. पाहुणे म्हणून आलेले ते आपले पावे कापडात गुंडाळून, अगदी सभ्यपणे बसले होते. मलात्जी साहेब पुढच्या रांगेत, सोबत कॅमेरावाला. नवा खोसी मानाच्या कातड्यावर बसला.

दहा जणांनी फुंकलं. भों. पोकळी. भों.

आधी एक पोरगं हसलं. मग कुणीच हसेना आणि ते जास्त वाईट होतं. म्हाताऱ्या बायका मान खाली घालून बसल्या. खोसीने पोटावर हात ठेवला. न्येलिसानी ढोल वाजवत होती. आपण गावाच्या तोंडाला काय फासतोय, हे तिला ठोक्यागणिक दिसत होतं.

मग तिने काठी खाली ठेवली.

ढोल थांबला तसा एकेक 'भों' मरत गेला. मामांनी पावा ओठांवरून काढला आणि तिच्याकडे बघितलं.

मलात्जी साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. "सुंदर! आटोपशीर! वेळेतही बसलं!"

शेवटी खोसीने न्दोवावाल्यांकडे बोट केलं. कापडं सुटली, माणसं गोलात उभी राहिली. आणि न्येलिसानीला दिसलं की त्यांच्या वरच्या फळीत थिलिव्हाली उभा आहे. त्याच्या शेजारी, पलीकडे, मुरातीची सगळी कुंपणावरची पोरं. मुरातीत जागा नव्हती, म्हणून ती डोंगर उतरून तिकडे गेली होती.

त्यांनी फुंकलं. ताखुलाने सगळा मेळ उचलला आणि अंगण जागं झालं. बायका किंचाळत नाचात उतरल्या. मुरातीच्या खोसीला मुरातीच्याच पोरांनी गादीवर बसवलं, न्दोवाच्या नावाने.

साहेब घाईघाईने तिच्याजवळ आले. "ताई, ती पोरं तुमच्या गावची?"

"आमचीच."

"अरे वा! मग अहवालात हे घालाच. अनुदानामुळे तरुणांना बाहेरच्या पथकांत संधी मिळाली. हा फार मोठा परिणाम आहे!"

न्येलिसानीने त्यांच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. तो माणूस मनापासून खूश होता.

"तुम्हीच लिहा," ती म्हणाली. "माझ्या हाताला घाण लागेल."

तिने अंगावरचा पिवळा टी-शर्ट काढून खुर्चीवर टाकला. आतलं पोलकं घामाने भिजलं होतं. न्दोवाच्या ढोलापाशी एक थोराड बाई घाम पुसत होती. तिने न्येलिसानीला वरून खाली न्याहाळलं.

"काय गं मुरातीवाली, आता आठवण झाली?"

"सरक," न्येलिसानी म्हणाली.

"तीन पिढ्या ऐकवणार मी तुला."

"ऐकव. आधी काठी दे."

बाईने काठी दिली. मागे खुर्च्यांच्या रांगेत दहा म्हातारे टी-शर्ट घालून बसून होते. फोटो अजून काढायचे राहिले होते.