आपोआप समोर येणारी यादी

चारा छावणी चालवणाऱ्या सोसायटीत शहादेव अकरा वर्षं कॉम्प्युटरवर बसत होता. दुष्काळात काम वाढलं म्हणून घेतलेली जाईबाई दोन महिन्यांतच सगळ्यांची लाडकी झाली, ते त्याच्या डोळ्यांत सलायचं. त्यात आठ दिवसांपासून टँकरची यादी टाइप करताना स्क्रीनवर मधेच जनावरांची यादी समोर येई. आज उमापूरच्या टँकरच्या खेपा म्हशींच्या यादीत पडल्या आणि सेक्रेटरी माणिकरावांनी ते चारचौघांत वाचून दाखवलं.

"जाईबाई, बघा बरं जरा," ते म्हणाले.

"तिला काय कळतंय त्यातलं," पुटपुटत शहादेव खुर्चीवरून उठला.

जाईबाईनं ज्यात याद्या टाइप होत त्या एडिटरची सेटिंग उघडली. नवी यादी आली की हातातलं काम मागं सारून तीच समोर उघडावी, अशी टिक तिथं होती. शहादेवला एकदम आठवलं. छावणीतून येणारी जनावरांची यादी जाईबाईच्या आधी आपल्याला दिसावी म्हणून त्यानंच ती टिक केलती, अन् विसरला होता.

तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि टिक काढून टाकली.

"काय झालतं?" माणिकरावांनी विचारलं.

"काही न्हाई साहेब, मशीन लई जुनं हाय," जाईबाई म्हणाली.

हिनं चुगली केली असती तर बरं झालं असतं, शहादेवला वाटलं. निदान निवांत जळता तरी आलं असतं.