हात मागे

‘अंगठाबहाद्दर’ या नावाने लिहिणाऱ्या खेळाडूने गुरुवारी सकाळी सलग एकविसाव्या दिवशी एकच तारा दिला. हा गडी रोज आपला जुना अभिप्राय पुसायचा आणि त्याच जागी नवा, आणखी कडू लिहायचा. त्या दिवशीचा असा होता: “गेम नंबर सत्त्याऐंशी बनवणाऱ्याला एकदा माझ्यासमोर बसवा. मी कशालाही हात लावत नाही आणि तरी हरतो. बाकीचे एकशे एकोणचाळीस चालतील, हा उकिरड्यावर टाका.”

सत्त्याऐंशी नंबर बनवणारी बाई तेव्हा ऑफिसात खुर्चीवर मांडी घालून, दातओठ खात हेच वाचत होती. तिला सगळे भिंगरी म्हणत. ती चालायला लागली त्याच आठवड्यात वडिलांनी हे नाव ठेवलं होतं, आणि आता ती एकतीस वर्षांची घोडी झाली तरी ते सुटलं नव्हतं. सुटावं असं तिने कधी काही केलंही नव्हतं म्हणा.

त्यांच्या गेमचं नाव होतं ‘चार सेकंद’. एका डब्यात एकशे चाळीस चिमुकले गेम, प्रत्येक मोजून चार सेकंदांचा. पडद्यावर दोन-तीन शब्दांचा हुकूम येतो: टोपी पकड! नळ बंद कर! शिंक दाब! ट्रे सांभाळ! तुम्हाला काय करायचं ते उमगेपर्यंत पुढचा गेम दारात उभा. लोकांना वेड लागलं होतं. एकीने लिहिलं होतं, “सासू आणि मी एकाच गोष्टीवर हसलो, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा.” दुसरा म्हणत होता, “पापणी लवायलाही सवड नाही. माझे डोळे कोरडे पडले, पाच तारे.”

आणि मग यायचा सत्त्याऐंशी. पडद्यावर पत्रा दाबायचं एक भलंमोठं प्रेस मशीन, त्याच्या जबड्यात माणसाचा हात, आणि हुकूम: हात मागे! इथे काहीच करायचं नव्हतं. बटण दाबायचं नाही, दांडी हलवायची नाही. तुम्ही गप्प राहिलात तर पडद्यावरचा हात आपोआप मागे येतो. जराशी हालचाल केलीत, की मशीन धाडकन खाली. शहाऐंशी गेम बटणं बडवून आलेल्या माणसाला गप्प बसवणारा अख्ख्या डब्यातला हा एकच गेम होता, आणि भिंगरीचा जीव त्यात अडकलेला होता.

तक्रारींना उत्तरं द्यायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. पहिल्या आठवड्यात ती सभ्यपणे लिहीत होती. दुसऱ्यात जीभ सुटली: “आधी घाई आवरा, मग तक्रार करा.” तिसऱ्यात तिने एकच उत्तर तयार ठेवलं आणि तीनशे जणांना तेच चिकटवलं: “आमच्या तपासणीत हा गेम एकदाही चुकलेला नाही. तुमचा हात हलला असेल.”

हे खोटंही नव्हतं. तपासणीचं काम मास्तरांकडे होतं. निवृत्तीनंतर इथे आलेले खरेखुरे गणिताचे मास्तर, आणि शिस्तीला असे पक्के की चार पोरं हाताखाली असूनही पेन्सिली स्वतः मोजून द्यायचे. त्यांनी सत्त्याऐंशी दोन हजार वेळा खेळवून घेतला होता आणि तक्त्यात दोन हजार बरोबरच्या खुणा होत्या.

दुपारी मालक तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता, पण भांडण दिसलं की तो आधी दार शोधायचा.

“सोमवारी दुपारी बारा वाजता नवी आवृत्ती जाणार,” तो म्हणाला. “त्यात सत्त्याऐंशी नको.”

“का?”

“का काय का! तारे चाराच्या खाली आलेत. लोक शिव्या घालतायत. एक गेम गेला तर कोणाचं काय बिघडतं? गुपचूप काढ, विषय संपव.”

“माझं बिघडतं,” भिंगरी म्हणाली. “लोकांना गप्प बसता येत नाही, त्याला मी काय करू?”

“सोमवार, बारा,” मालक म्हणाला आणि तिने तोंड उघडायच्या आत केबिनमध्ये पळाला.

रविवारी ती आईवडिलांकडे गेली. जाताना पिशवीत गेम तपासायचं, टीव्हीला जोडता येणारं मशीन आणि एक कंट्रोलर टाकला. बाबांनी ‘चार सेकंद’ कधी खेळलाच नव्हता. तिनेच दाखवला नव्हता. सत्त्याऐंशी कुठून आला हे ते बघताक्षणी ओळखतील याची तिला धास्ती होती. पण उद्या तो जाणारच असेल, तर ज्याच्यासाठी केला त्याने एकदा तरी बघावा, असं तिला फार वाटलं.

बाबा बावीस वर्षांपूर्वी पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर होते. एका मशीनला दोघे. एक जण पत्रा आत सरकवणार, दुसऱ्याचा पाय पॅडलवर. पॅडलवाल्याने “हात मागे” ओरडायचं, पत्रेवाल्याने हात काढून “मागे” म्हणायचं, आणि मगच पाय दाबायचा. दिवसातून तीन हजार वेळा, न चुकता. घरीसुद्धा बाबा कपाटाचं दार लावताना “हात मागे” म्हणायचे आणि लहानगी भिंगरी दोन्ही हात पाठीशी नेऊन “मागे” ओरडायची. अपघाताच्या दिवशीही बाबा आणि पॅडलवाला दोघे ओरडले होते. मशीन खाली आलं, वर गेलं, बाबांनी नवा पत्रा घातला, आणि कोणी पॅडलला पाय लावायच्या आत ते पुन्हा खाली आलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

“दे इकडे,” बाबा सोफ्यावर टेकत म्हणाले आणि त्यांनी कंट्रोलर आठ बोटांत धरला. टोपी त्यांनी दोनदा सोडली. नळ बंद केला. ट्रेच्या वेळी कंट्रोलरच आडवा-तिडवा तोलायचा असतो, तिथे ते स्वतःच इतके कलले की आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “अहो, पडाल! त्या ट्रेमध्ये काही नाहीये!”

मग प्रेस आलं. हुकूम आला. बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी अंगठे उचलून हवेत धरले, हातही तसेच ठेवले आणि हळूच म्हणाले, “मागे.”

मशीन धाडकन खाली आलं.

“मी काही केलं नाही,” बाबा म्हणाले.

“तुमचा हात हलला असेल, बाबा,” भिंगरी म्हणाली. आठवडाभरात हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की ते कोणासमोर निघालं हेही तिला आधी कळलं नाही.

बाबांनी कंट्रोलर बाजूला ठेवला.

“सुपरवायझर पण हेच म्हणाला होता,” ते म्हणाले. “मशीन दोनदा आलं, असं मी सांगत होतो. पॅडलवाला सांगत होता. सुपरवायझरने कागदावर लिहिलं, ‘कामगाराचा हात हलला.’ उजव्याला बँडेज होतं, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मला लिहितावाचता येतं, भिंगरे. पण सही करायला हात नव्हता.”

आई दारातच उभी होती, हातात ओलं फडकं.

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या वाक्याचा सूड म्हणून तिने, हात न हलवणाऱ्याला मशीनने कधीच धरू नये असा, हा गेम बांधला होता, तेच वाक्य तिने तीनशे लोकांना पाठवलं होतं. आणि आता बापाला ऐकवलं होतं, त्यांच्याच सोफ्यावर बसून.

“परत खेळा,” ती म्हणाली. “अगदी तसंच धरून.”

बाबा पुन्हा हरले. तिसऱ्यांदा हरले. मग ती स्वतः तसा धरून बसली, श्वास रोखला, आणि हरली. मग तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि जिंकली. पुन्हा हातात घेतला, हरली.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तरांचा नियम! ‘कंट्रोलर टेबलावर, मगच पेन्सिल हातात.’ प्रत्येक गेमनंतर तक्त्यात खूण करायची म्हणून पोरं कंट्रोलर खाली ठेवत, आणि सत्त्याऐंशीला काही करायचंच नाही म्हटल्यावर तो तिथेच पडून राही. दोन हजार वेळा तो टेबलाने खेळला होता, माणसाने नाहीच. ‘ट्रे सांभाळ’साठी कंट्रोलरचं कलणं मोजलं जायचं. सत्त्याऐंशीत ‘कुठलीही हालचाल म्हणजे चूक’ असं लिहिताना तिने ते कलणंही त्यात धरलं होतं. जिवंत माणसाचा हात कितीही स्थिर ठेवला तरी तसूभर हलतोच. अंगठाबहाद्दर एकवीस दिवस खरं बोलत होता.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. बाबा मग सलग अकरा वेळा जिंकले आणि बाराव्यांदा आईने कंट्रोलर हिसकावून घेतला.

सोमवारी पावणेबाराला भिंगरीने मालकाच्या टेबलावर कंट्रोलर ठेवला. मास्तरही आले होते. त्यांना तिने सकाळीच सगळं सांगितलं होतं, आणि ते वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे भिंतीला टेकून उभे होते.

“काढलास?” मालकाने विचारलं.

“नाही. आधी एकदा जुना खेळा. हातात धरून.”

मालक खेळला. अंगठे उचलले, गप्प बसला, मशीन धाडकन आलं. “अरे!” तो खुर्चीतून उठलाच. “मी काही केलंच नाही!”

“हेच ते सगळे तीन आठवडे म्हणतायत,” भिंगरी म्हणाली. “आणि मी त्यांना खोटारडं ठरवलं.”

“माझ्या नियमाने घोटाळा केला,” मास्तर म्हणाले. “आजपासून पेन्सिल दुसऱ्याच्या हातात. हवं तर तसं लिहून देतो.”

मालकाने कपाळ चोळलं. “हे बघा, म्हणजे तर काढायलाच हवा. चुकलेला गेम ठेवायचा कशाला? आजच्या आवृत्तीत नसला की झालं. कोणी विचारणार नाही.”

“दुरुस्त झालाय, तो राहणार.”

“बरं, राहू दे. आवृत्तीसोबतच्या सूचनेत लिही, ‘काही किरकोळ सुधारणा केल्या.’”

“किरकोळ?” भिंगरीचा आवाज केबिनबाहेर गेला. चित्रं काढणाऱ्या दोघीजणी टेबलावरून वळून बघू लागल्या. “तीनशे माणसांना ‘तुझा हात हलला’ म्हणून सांगितलं मी! चूक मशीनची होती. ती तशीच लिहिणार, आपल्या नावाने, सगळ्यांना दिसेल अशी.”

“लोक डोक्यावर बसतील!”

“बसू दे. डोकं माझं आहे. आणि ते लिहायचं नसेल, तर गेम तुमच्या हाताने काढा. का काढला तेही तुम्हीच लिहा. मी त्याला हात लावणार नाही.”

मालकाने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते. घड्याळात अकरा पन्नास झाले होते, आणि आवृत्ती चढवता येणारी ऑफिसात ती एकटीच होती.

“सही तुझी,” मालक शेवटी म्हणाला. “माझं नाव नको.”

“माझीच आहे,” भिंगरी म्हणाली.

संध्याकाळी ती बाबांकडे पोचली तेव्हा अंगठाबहाद्दरने जुना अभिप्राय पुसून नवा लिहिला होता: “आज जिंकलो. चार तारे. पाचवा त्या बाईच्या आधीच्या उत्तरांसाठी कापलाय.” तो तिने आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, “बरोबरच केलं त्याने. एकच कापला, देवमाणूस दिसतो.”

बाबांनी चष्मा लावून तिच्या फोनवर सूचना वाचायला घेतली. ते नेहमी मोठ्याने वाचत. “गेम नंबर सत्त्याऐंशी. तुमचा हात हलला नव्हता.”

ते थांबले. पुन्हा तेवढंच वाचलं, “तुमचा हात हलला नव्हता,” आणि मग पुढे सरकले. “चूक मशीनची होती, आणि तुम्ही सांगत असताना आम्ही ऐकलं नाही. ज्यांना उलट उत्तरं दिली त्यांची मी माफी मागते. गेम दुरुस्त केला आहे. काढलेला नाही, आणि काढणार नाही.” खाली भिंगरीची सही होती.

बाबांनी फोन परत दिला नाही. तीन बोटांच्या हाताने ते पडदा पुसत राहिले, तो स्वच्छ असतानाही.

“हे कागदावर मिळतं का?” त्यांनी विचारलं.

“मिळेल. कशाला, बाबा?”

“कपाटात तो जुना कागद आहे ना. ठसा दिलेला. त्याच्यावर ठेवीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली, मालकाच्या केबिनमध्ये शिरली आणि कोणालाही न विचारता त्याच्या प्रिंटरवर तो कागद काढला. पहिली ओळ तिने जरा मोठ्या अक्षरांत घेतली, बाबांना चष्म्याशिवाय वाचता यावी म्हणून.