सुनेच्या वाट्याचं ठिगळ

मी बेरमेतच्या हृदयातली झडप बोलतेय. डाव्या बाजूची, वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधली. माझं काम एकच, रक्त पुढे गेलं की दार लावून घ्यायचं. त्याबद्दल कुणी कधी आभार मानले नाहीत. रोज नीट चालणाऱ्या गोष्टीचं नावही माणसांना ठाऊक नसतं. ती बिघडली की मात्र गावभर तिची चर्चा.

जन्मापासूनच मी जरा ढगळ होते. पण नारिनच्या डोंगरात जन्मलेल्या धडधाकट पोरीची छाती कोण तपासतंय? ती हुंदडली, घोडे दौडवले, कुबातशी लग्न करून सासरी आली. तिथे पहाटे उठून घोड्यांचं दूध काढायचं, आल्यागेल्याला चहा ओतायचा आणि सासऱ्यांसमोर मान वर करायची नाही. मी सगळं निभावून नेलं. मग एका उन्हाळ्यात, वरच्या कुरणावर दुधाची बादली उचलताना, मला ताणून धरणारी एक दोरी तुटली. माझ्या दाराचं एक पान उलटं फिरू लागलं आणि रक्त मागे येऊ लागलं. बेरमेतला चार पावलांत धाप लागायची. सासूबाई म्हणाल्या, हल्लीच्या मुलींना कामाचाच कंटाळा.

त्याच सुमारास तिचे सासरे सागिनबाय घोड्यावरून उतरताना चक्कर येऊन पडले. वय त्र्याहत्तर. सुनेची धाप म्हणजे आळस आणि सासऱ्यांची चक्कर म्हणजे खोऱ्यावर कोसळलेलं संकट! त्यांना राजधानीत, बिश्केकच्या इस्पितळात न्यायचं ठरलं, तेव्हा जाताजाता हिलाही दाखवून आणू म्हणाले. म्हणजे माझा शोध लागला तो असा, गाडीत जागा होती म्हणून.

सासऱ्यांची एक झडप चुन्यासारखी कडक झाली होती. माझं तर तुम्हाला ठाऊकच आहे. डॉक्टर असानोव्हना बाईंनी समजावलं की झडपा तीन तऱ्हांनी सुधारता येतात. धातूची नवी बसवली तर ती जन्मभर टिकते. गाईच्या हृदयाभोवतीच्या पातळ पडद्याची बसवली तर काही वर्षांत झिजते. आणि काही वेळा जुनीच शिवून नीट करता येते. कोणाला कोणती, ते तपासण्या झाल्यावर ठरवू, असंही त्या म्हणाल्या. पण शेवटचं वाक्य ऐकायची पद्धत आमच्या घरात नाही.

घरी आल्यावर मेंढी कापली, भाऊबंद जमले. आमच्याकडे मटण मानाप्रमाणे वाटतात. डोकं घरच्या वडीलधाऱ्याला, मांडीचं हाड त्याच्या खालच्याला, आणि उतरत उतरत शेवटी सुना. त्याच सुरीने त्यांनी झडपाही वाटल्या. सगळ्यांत जास्त टिकणारी ती सगळ्यांत मानाची, म्हणून धातूची सासऱ्यांना. सुनेला ठिगळ पुरे. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला जन्मभर टिकणारी वस्तू मिळाली याचं सगळ्यांना फार समाधान वाटलं.

ठिगळ लावून मी वाचणार होते, तरी मला अपमान वाटला. खोटं कशाला बोलू?

पण अपमान माझ्याहून जास्त कुबातला वाटला. त्याचा बायकोवर फार जीव. तो ताडकन उठला. "माझी बायको काय जुनं पोतं आहे, शिवून वापरायला? तिलाही धातूचीच बसवायची. मी माझी घोडी विकीन." झालं! ज्यांना माझी किंमत नव्हती त्यांनी मला वाचवलं होतं, आणि ज्याचा जीव होता तो मला कापून फेकायला निघाला.

सगळं कुटुंब पुन्हा असानोव्हना बाईंसमोर बसलं. कुबातचं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "धातूची बसवली की रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. त्यात दिवस गेले तर बाळालाही धोका, आईलाही. हिची झडप शिवण्यासारखी वाटतेय. पण उघडल्यावर नाहीच जमलं, तर कोणती बसवू? ते आत्ताच सांगा."

सवयीप्रमाणे सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला. 

"मामंजी, माफ करा," बेरमेत म्हणाली. मान खालीच होती. "छाती माझी आहे, मीच सांगते. जमेल तर शिवा. नाहीच जमलं तर गाईची बसवा."

"तुझ्या वयात ती लवकर झिजते," डॉक्टर म्हणाल्या. "दहा-बारा वर्षांत छाती पुन्हा उघडावी लागेल. दुसऱ्यांदा ते सोपं नसतं."

"तोवर माझं पोर शाळेत जात असेल. मग उघडा."

कुबातने तोंडावर हात ठेवला. घोडीचं नाव पुन्हा त्याने काढलं नाही.

सागिनबाय डॉक्टरांकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "धातूची बसवली तर घोड्यावर बसता येईल?" डॉक्टर म्हणाल्या, पडलात तर रक्त थांबता थांबणार नाही, तुमच्या वयाला गाईची पुरेल. 'पुरेल' हा शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी ऐकवला असावा. "घोडा सोडून मान कुठे मिरवू?" ते म्हणाले. "मलाही गाईचीच द्या." आठवड्याभरात ही युक्ती आपल्यालाच सुचली असं त्यांनी खोरंभर सांगितलं.

माझं म्हणाल तर, हृदय थांबवून मला उघडं केलं तेव्हा मला पहिल्यांदाच कुणीतरी नीट पाहिलं. सैल भाग कापला, नव्या दोऱ्या घातल्या, भोवती कडं शिवलं. मग गळते का पाहायला पाणी भरलं. मी जीव खाऊन मिटले. तरी थोडं झिरपलंच. बाईंनी आणखी एक टाका घातला, पुन्हा पाणी भरलं. "चालेल," त्या म्हणाल्या. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

आता बेरमेतला सहावा महिना आहे. सासूबाई म्हणतात, ही माझ्या रश्श्याची किमया. म्हणोत बापड्या. मला सध्या काम फार आहे, कडं अधूनमधून काचतं, आणि खाली आणखी एक हृदय भरधाव पळतंय. त्यातही माझ्याच जागी एक झडप आहे. ती माझ्यासारखी ढगळ आहे की घट्ट, मला इथून कळत नाही, आणि त्याची मला भीती वाटते.

बाई गं, तू घट्ट मिट. नाहीच मिटता आलं आणि ज्याच्यात तू आहेस त्या लेकराला धाप लागली, तर त्याला आळशी म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्याला म्हणावं, सरळ आईकडे जा. ती आता बोलते.