ताटातलं नाव

मंदाताईंनी आयुष्यात एकच हट्ट केला, आणि तो नेमका सुनेच्या पासपोर्टवर जाऊन बसला.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाचं, हेमेंद्रचं लग्न झालं, तेव्हा सुनेचं नाव बदलायचं ठरलं. उत्तरेत, शिंदे की छावनी या मोहल्ल्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या या जुन्या फौजी मराठी घराण्याची तशी पद्धतच होती. तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. मुलीचं नाव सोनिका. मंदाताई म्हणाल्या, "विमल लिही." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. घरात विमल, आधारवर विमल, पुढे पासपोर्टवरही विमलच.

सोनिका नर्स होती. हेमेंद्रचा कारखाना बंद पडला तेव्हा तिनेच कंबर कसली. घरचं सगळं सांभाळून दोन वर्षं जर्मन घोकलं, आणि माधवगंजातल्या अपर्णाताईंमुळे तिला जर्मनीतल्या एका इस्पितळात नोकरी मिळाली. मुलींना परदेशी कामाला लावणं हा अपर्णाताईंचा उद्योग. मुलाखतीची तयारी त्याच करून घेत, कागद त्याच तपासत, आणि कोणाकडून चहाचा कपही घेत नसत. सोनिकाचे कागद पाहून मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

"डिग्री सोनिकाची, पासपोर्ट विमलचा! व्हिसावाले विचारतील, यातली नर्स कोणती? दोन महिन्यांत रुजू झाली नाही तर जागा गेली."

हेमेंद्र घरी येऊन भडकला. "आई, तुझ्या त्या नावाच्या चक्करमध्ये सगळं अटकलं ना! अब क्या करें?"

सोनिकाने कागद गोळा करून फाईलमध्ये ठेवले आणि कणीक मळायला घेतली. ते मंदाताईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच सुनेला घेऊन माधवगंजात हजर झाल्या.

"पासपोर्टवर जुनं नाव परत आणू," अपर्णाताई म्हणाल्या. "नाव कोणी आणि का बदललं, याचं शपथपत्र घरातल्या मोठ्यांनी दिलं तर बरं पडेल."

"मी बदललं."

"आणि विमलच का?"

मंदाताईंनी पदर सारखा केला. "माहेरी मी विमल होते. ह्याच घरात ताटात लिहून माझी मंदा केली. वाटलं, ते नाव पुन्हा कानावर तरी पडेल. तेवढ्यासाठी पोरीचं घेतलं काढून. चुकलंच माझं. लिहा तुम्ही, मी सही करते."

सोनिकाने टेबलाखाली सासूचा हात घट्ट धरला.

मग अपर्णाताईंनी हेमेंद्रला वकील, वर्तमानपत्राची जाहिरात, पासपोर्ट ऑफिस असं नुसतं पळवलं. स्वतः इस्पितळाला पत्रं लिहिली, जागा धरून ठेवली. मुदतीला आठ दिवस असताना व्हिसा आला. मंदाताई डबाभर बेसनाचे लाडू घेऊन गेल्या. "तुमचे उपकार कसे फेडू?" म्हणताना त्यांना रडूच फुटलं.

"चहा घेत नाही," अपर्णाताई डबा उघडत म्हणाल्या, "पण लाडवांना नाही म्हटलेलं नाही कधी."

दिल्लीची गाडी लागली. सोनिका पाया पडायला वाकली, उठली, आणि कानाशी येऊन म्हणाली, "येते हं, विमलआई."

बेचाळीस वर्षांनी मंदाताईंनी त्या हाकेला ओ दिली.