दुपार शांतता करार

सेलूच्या बाजारात ख्वाजामियाँ नद्दाफ यांचं गाद्यांचं दुकान पुढे आणि घर मागे. मधे एक भिंत आहे, पण ती नावापुरती. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं, की भिंतीसकट सगळं घर थरथरायला लागतं, फळीवरचे स्टीलचे डबे एकमेकांवर वाजतात आणि तहसीनच्या पुस्तकावर बारीक कापूस उतरतो. तहसीन म्हणजे ख्वाजामियाँची मुलगी. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि जोडीला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. तिचं राज्यशास्त्राचं पुस्तक झटकलं तर त्यात एक उशी भरेल, असं तिची अम्मी म्हणायची.

वाचलेलं आपल्या डोक्यात टिकत नाही आणि लिहिलेलं टिकतं, हे तहसीनला फार लवकर कळलं. काही मुलांना ते नोकरी लागल्यावरही कळत नाही. म्हणून तिनं एक ब्लॉग काढला. नाव, 'रोजच्या पाच घडामोडी'. त्यातल्या चार जगाच्या असत आणि एक घरची. घरची वेगळी काढायची नाही, हा तिचा हट्ट होता. मंत्र्यांनी फीत कापली तर ती बातमी, मग आठ दिवस रुसलेली अम्मी अब्बांशी बोलली तर ती बातमी का नाही? फक्त ती घरचीही बातमी भारदस्त भाषेत लिहायची आणि नावगाव घालायची नाही. 'दोन पक्षांतील आठ दिवसांची कोंडी फुटली. मेथीच्या भाजीवरील चर्चा सकारात्मक.' ब्लॉगवर तिचं स्वतःचंही नाव नव्हतं. वाचक एकोणीस होते. त्यातली एक ती स्वतः, अम्मीच्या मोबाइलवरून.

त्या महिन्यात घरात मोठी घडामोड झाली. परीक्षा तोंडावर आली म्हणून तहसीन अब्बांपुढे उभी राहिली, अम्मी मधे पडली आणि ठरलं, की दुपारी दोन ते चार यंत्र बंद. अब्बांनी जबान दिली. तहसीननं लगेच ब्लॉगवर लिहिलं, 'ऐतिहासिक दुपार शांतता करार संपन्न. तिसऱ्या पक्षाची यशस्वी मध्यस्थी. दररोज दोन तास सर्व यंत्रे बंद राहणार.'

करार नऊ दिवस टिकला. मग लग्नसराई आली, गाद्यांच्या ऑर्डरी आल्या आणि गुरुवारी तीन वाजताच यंत्र सुरू झालं.

"अब्बा, चारला अजून एक तास हाय!"

"अगे, नवरीची गादी हाय. नवरी काय जमिनीवर झोपंल? एक तास झाला ना शांत? बस झालं."

तहसीननं शुक्रवारी लिहिलं, 'दुपार शांतता कराराचा एकतर्फी भंग. कालावधी दोन तासांवरून एक तासावर.' लिहून झाल्यावर मोबाइलची काच पुसली, कारण तिच्यावरही कापूस बसला होता.

आता तिला एकच आशा होती, ती म्हणजे बन्सीधर सरांची अभ्यासिका. स्टेशन रस्त्यावर, जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागे एक लांब खोली, तीस खुर्च्या, भिंतीला नकाशे आणि अशी शांतता, की पेनाचं टोपण पडलं तरी सगळे वळून बघत. फी तिच्या घराला झेपणारी नव्हती. पण सर दरवर्षी चालू घडामोडींची एक चाचणी घेत आणि पहिला येणाऱ्याला खिडकीजवळची खुर्ची वर्षभर फुकट देत. ती खुर्ची तहसीनला हवी होती. नुसती हवी नव्हती, त्या खुर्चीवाचून तिचं वर्ष पाण्यात जाणार होतं.

बन्सीधर सर माणूस भला होता, पण त्यांच्या अंगात परीक्षा आयोग शिरलेला होता. चाचणीला बैठक क्रमांक, पेपरच्या पाकिटाला लाखेची मोहोर, निकालाआधी पहिली उत्तरतालिका, मग तिच्यावर हरकती, हरकतीला पुरावा आणि मग अंतिम उत्तरतालिका. या सगळ्या कामात एक गोष्ट मात्र राहून जायची, ती म्हणजे पेपर काढणं. त्यासाठी सरांनी यंदा मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं होतं. त्यात कुठलंही पान चिकटवलं, की त्यातून चार पर्यायांसकट प्रश्न बाहेर पडत. कोणतं पान चिकटवलं, ते सरांना वाचावंही लागत नसे.

रविवारी चाचणी झाली. पन्नास प्रश्न. तहसीन भराभर सोडवत बाराव्या प्रश्नावर आली आणि थबकली. 'नामांकित संस्थेच्या प्रमुखांनी कोणत्या वस्तूबाबत सलग पाचव्यांदा आश्वासन दिले? अ) पाणबुडी ब) कूलर क) उपग्रह ड) यापैकी नाही.' हे वाक्य तिचंच होतं; सरांनी नाव बघून ॲपात तिचाच ब्लॉग चिकटवला होता. आणि ते बन्सीधर सरांबद्दल होतं. अभ्यासिकेचा कूलर उन्हाळाभर 'दुरुस्तीला दिलाय' होता, हे तिथं बसणाऱ्या धम्मानंदनं तिला सांगितलं, तेव्हा तिनं ते लिहिलं होतं. तिनं मान खाली घालून 'ब' रंगवला. आजूबाजूला पाहिलं तर सगळेच हसू दाबत 'ब' रंगवत होते.

मग आला प्रश्न अडतीस. 'ऐतिहासिक दुपार शांतता कराराचा कालावधी किती? अ) एक तास ब) दोन तास क) दहा वर्षे ड) बेमुदत.'

तहसीन विचारात पडली. करार झाला तेव्हा दोन तास. पण गुरुवारपासून एक. चालू घडामोड म्हणजे आज जे चालू आहे ते. तिनं प्रामाणिकपणे 'अ' रंगवला.

सोमवारी उत्तरतालिका लागली. अडतीसचं उत्तर, 'ब'. धम्मानंद त्रेचाळीस, तहसीन बेचाळीस. स्वतःच्या घरातल्या प्रश्नावर मार्क गेलेली सेलूतली ती पहिलीच मुलगी असावी.

"मी तो ब्लॉग बुधवारपर्यंत पाठच केला होता," धम्मानंद तिला म्हणाला. तो ढेंगळी पिंपळगावाहून सायकलवर यायचा, त्याचाही डोळा त्याच खुर्चीवर होता. "लय भारी लिवतोय तो माणूस. कोण हाय काय की."

"माणूसच कशावरून?" तहसीन म्हणाली.

सरांनी तालिका समजावून सांगितली. "अडतीस. दोन तास. यंत्रे बंद म्हणजे सीमेवरच्या तोफा बंद."

"सर, कोणते दोन देश?" मागून कुणीतरी विचारलं.

सर क्षणभर नकाशाकडे पाहत राहिले. "देश महत्त्वाचे न्हाईत. आयोग तास विचारतो. पुढचा प्रश्न."

"सर, माझी हरकत हाय," तहसीन उठली. "करार आता एकाच तासाचा हाय."

"पुरावा?"

"उद्या आणते."

त्या रात्री तिला मोठा पेच पडला. शुक्रवारचं पान दाखवावं, तर लगेच विचारतील, ब्लॉग कुणाचा आणि करार कुणाचा. एकदा ब्लॉग उघडला, की कूलर बाहेर आलाच. सकाळी तिला वाटलं, ब्लॉगला हातच लावायचा नाही. करार मोडणारा माणूस घरातच आहे. त्यालाच घेऊन जाऊ. 'आमच्याकडं असा करार हाय, तो ब्लॉगवाल्यानं कुठून तरी ऐकला,' एवढं म्हटलं की झालं.

"अब्बा, सरांना एवढंच सांगायचं, की दुपारी यंत्र किती वेळ बंद असतं."

"हौ, सांगतो की. त्यात काय!" ख्वाजामियाँनी धुतलेला सदरा घातला. भुवयांवरचा कापूस तसाच राहिला.

अभ्यासिकेत तीस माना वर झाल्या. सरांनी ख्वाजामियाँना खुर्ची दिली.

"ख्वाजाभाई, तहसीन म्हणायलीय, करार एका तासावर आलाय आन् त्याचा पुरावा तुमी हाव. सांगा, किती तास?"

ख्वाजामियाँनी खोलीभर नजर फिरवली. एवढी शिकलीसवरलेली पोरं, सगळी त्यांच्याकडं बघत होती. त्यांची छाती पुढे आली.

"दोन तास," ते ठणकावून म्हणाले. "जबान दिली म्हणजे दिली. मी शब्दाला जागणारा माणूस."

"अब्बा!" तहसीननं त्यांची बाही ओढली. "गुरुवारपासून एकच तास ना? नवरीच्या गाद्या?"

"चूप गे. भरल्या मजलिसीत बापाला खोटं पाडायलीस व्हय?"

"पण खरंय ते!"

"खरं घरात. हितं दोन तास."

सर गोंधळले. "थांबा, थांबा. गाद्या कुठून आल्या? ख्वाजाभाई, हा दोन देशांतला करार हाय."

"देश?" ख्वाजामियाँ विचारात पडले. "एका बाजूला मी, एका बाजूला ही, मधी हिची अम्मी. तुमी देश म्हणत असाल तर म्हणा बापा, भांडणं तेवढीच होतात."

खोलीत हशा पिकला. पेनाचं टोपण काय, आता बाक पडलं असतं तरी कुणी वळून बघितलं नसतं.

तहसीननं पाहिलं, साक्षीदार फिरला, मार्क गेला आणि मार्काबरोबर खुर्चीही चालली. आता लपवून काय मिळणार होतं? तिनं मोबाइल काढला, शुक्रवारचं पान उघडलं आणि सरांपुढे धरलं.

"सर, हा पुरावा. ब्लॉग माझाच हाय. करारही आमच्याच घरातला."

सरांनी चष्मा चढवला. शुक्रवारचं पान वाचलं. मग, तहसीन "बस सर, एवढंच" म्हणेपर्यंत, त्यांचं बोट खाली सरकलं. सरांचे ओठ हलत होते.

"'कूलर अद्याप अज्ञातस्थळी,'" त्यांनी वाचलं. मग हळूच मान वर केली. "हा तर प्रश्न बारा!"

"सर, तो आमचा सगळ्यांचा बरोबर आलाय," धम्मानंद भाबडेपणानं म्हणाला.

सरांच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग लाज आली आणि शेवटी, भला माणूस असल्यामुळे, हसू आलं. "मी पेपरावर नुसती तारीख घातली होती," ते म्हणाले. "पोरांनो, तुमाला रोज सांगतो, प्रश्न नीट वाचा. मीच वाचला न्हाई."

त्यांनी उभं राहून अंतिम निर्णय दिला. प्रश्न अडतीस रद्द. धम्मानंदचा एक मार्क गेला, दोघं बेचाळीसवर आले. समान गुण असतील तर वयानं मोठा पुढे, हा आयोगाचा नियम सगळ्यांना पाठ होता. धम्मानंद आठ महिन्यांनी मोठा निघाला. खुर्ची त्याला गेली.

तहसीनच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं ओढणीनं टिपलं. सरांनी ते पाहिलं.

"दुपारी मी घरी जेवून झोपतो," ते म्हणाले. "माझी खुर्ची रिकामीच असते. तिथं बसत जा. फक्त पुढचा पेपर ॲपमधून निघाला, की आधी तू वाचायचा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण सरांची खुर्ची तोंड करून होती तीस पोरांकडे, आणि त्या खुर्चीत जो बसेल त्याला शंका विचारायच्या, ही पोरांची जुनी सवय. "तहसीन, राज्यपाल राजीनामा कुणाकडं देतो?" "तहसीन, हे वाक्य बघ की." तिलाही सांगायला आवडायचं, तेच वाईट झालं. तीन दिवसांत तिचं स्वतःचं एक पान उलटलं नाही. चौथ्या दिवशी दोन वाजता ती पुस्तक घेऊन घरी परतली.

यंत्र बंद होतं. अभ्यासिकेत त्यांनी शब्दाची बढाई मारल्यापासून दुकानावरून जाणारं प्रत्येक पोरगं घड्याळ बघून ओरडत होतं, "चाचा, दोन वाजले! शब्द!" ख्वाजामियाँपुढे दुसरा इलाजच उरला नव्हता. ते रिकाम्या हातांनी गादीवर बसले होते आणि शांततेनं पार बेजार झाले होते.

"काय वाचायलीस?"

"राज्यघटना."

"बरं." थोड्या वेळानं, "त्या ब्लॉगात माझं अजून काय काय लिहिलंस?"

"अब्बा, अभ्यास करू द्या ना."

"तसं न्हाई. मेथीची भाजी मला आवडत न्हाई, हे जगाला कळलं का, एवढंच विचारतो."

तहसीननं पुस्तक मिटलं. मुलाला गप्प बसवायचं असेल तर त्याला काम द्यावं, हे तिला अभ्यासिकेतल्या तीन दिवसांत कळलं होतं. तिनं अब्बांच्या हातात वर्तमानपत्र आणि पेन्सिल दिली. "चार वाजेपर्यंत यातल्या चार घडामोडी निवडून ठेवा. आज मी तुमच्याच लिहिणार."

ख्वाजामियाँ चौथी शिकलेले. बोट ठेवून, ओठ हलवत ते वाचायला लागले. संसदेच्या बातमीतल्या एका ओळीपाशी अडले, तहसीनकडं पाहिलं, तिनं मान वर केली नाही, मग स्वतःच पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं.

"मामू, दोन उशा भरायच्या होत्या."

"चारनंतर," ख्वाजामियाँ वर न बघता म्हणाले. "सध्या मी संसदेत हाय."

आणि तहसीननं त्या दुपारी पूर्ण एक प्रकरण संपवलं.